सुमे, पहिला नंबर कुणाचा?

सुमे, लागला! नंबर लागला!

आधी हे सांगून टाकलं, आता बाकीचं सावकाश. तुझ्या पल्लवीचा नंबर लागला. डॉक्टरकीला, सरकारी कॉलेजात, आणि तेही लांब कुठं नाही, इथंच आपल्या नांदेडात. तू जाऊन महिनासुद्धा झालेला नाही. गेलेल्या माणसाशी हळू आवाजात बोलावं म्हणतात. मला हळू बोलता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? आणि ही बातमी हळू सांगितली असती तर तूच म्हणाली असतीस, "मंदे, घसा बसला का गं तुहा?"

फोन आला तेव्हा मी दुकानात होते. समोर एक म्हातारी गुडघ्याला चोळायचं मलम मागत होती. पल्लवी लातूरहून एवढंच बोलली, "मावशी, लागला," आणि पुढं नुसती रडत राहिली. मी इतक्या जोरात "नंबर लागला!" म्हणून ओरडले की भिंतीपलीकडं दवाखान्यात बाकावर बसलेली दोन-तीन माणसं एक्सरेची पाकिटं सावरत उठून उभी राहिली. म्हातारीनं मलम तसंच राहू दिलं.

"कोनाचा लागला गं माय?"

"सुमनच्या लेकीचा."

"नंबर पुकारायची ती सुमन?"

"हाव, तीच."

म्हातारीनं दोन्ही हात कानशिलाला लावून पल्लवीची दृष्ट काढल्यासारखी कडाकडा बोटं मोडली. तिला पल्लवी कोण, काळी की गोरी, काही ठाऊक नव्हतं. तुझा आवाज ठाऊक होता, तेवढा पुरला.

नंबर. काय शब्द आहे बघ! आपल्याकडं राज्य निजामाचं होतं, तरी हा इंग्रजांचा शब्द कुठून कसा शिरला आणि घरातलाच होऊन बसला. पल्लवी शाळेत असताना एकदा तुला शिकवायला बसली होती, "माय, नंबर म्हणजे संख्या." तू तिच्याकडं असं पाहिलंस, जणू पोरगी ढ निघाली. संख्येला आपण कधी नंबर म्हणतो? संख्येला आकडा म्हणतो. नंबर आपण लावतो, धरतो, ठेवतो. तो लागतो, येतो, हुकतो, जातो. चष्म्याचा वाढतो. चपलेचा नंबर दुकानदार पायाकडं बघूनच सांगतो. भाजी जमली की एक नंबर, धंदा काळा असला की दोन नंबरचा, आणि जेवायच्या वेळेला वाजलेला फोन हमखास राँग नंबर. पल्लवीनं तेव्हा कंटाळून विचारलं, "मग माय, तूच सांग, नंबर म्हणजे काय?" तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "नंबर म्हंजी 'मी बी हाय' असं सांगनं."

मी तेव्हा हसले होते. तुला वाटलं चेष्टा केली. केलीच होती.

तुझं कामच ते. हाडांच्या डॉक्टरांच्या दारात उभं राहून नंबर पुकारायचे. मी शेजारच्या गाळ्यात औषधं विकणार, तू तिकडं गावं हाकारणार. कारण तू आकडा कधी नुसता पुकारलाच नाहीस. "बारा नंबर, अर्धापूरचे आजोबा, या बाप्पा, हळू, पायरी हाय." "तेरा नंबर, माहूरच्या मावशी, सून कुठाय तुमची? चहाला गेली? येऊ द्या तिला, तवर बसा." भिंत पातळ, मला सगळं ऐकू यायचं. मी गिऱ्हाइकाला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत असायची आणि मध्येच तुझं माहूर, तुझं मुदखेड कानावर यायचं. दुकानात रेडिओ कधी लावला नाही तो काही माझा साधेपणा नव्हता, सुमे. तुझा आवाज होता म्हणून नाही लावला. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आणखी मोठ्यानं पुकारलं असतंस.

आणि त्या चपला! दवाखाना उघडायच्या आधीच लोक पहाटेपासून यायचे. उभं राहवत नाही, गुडघे दुखतात, कंबर धरलेली, मग चपला दारापासून एकामागं एक ठेवायच्या आणि स्वतः लिंबाखाली जाऊन टेकायचं. चप्पल ठेवली की नंबर ठेवला. कुणी चहाला गेलं आणि तेवढ्यात त्याचं नाव आलं, तर मागचे सगळे ओरडायचे, "हायेत! चपला हायेत!" मग तू थांबायचीस. दवाखान्यात पहिल्यांदा आलेला माणूसही दोन दिवसांत हे शिकायचा. ज्याच्या पायात प्लास्टर, त्याची एकच चप्पल असायची, तीही चालायची. अर्धापूरच्या त्या आजोबांनी एकदा चप्पल ठेवलीच नाही. ऊन फार, पाय भाजतात म्हणून चप्पल पायात आणि नंबराच्या जागी पिशवीतली केळ्यांची फणी काढून ठेवली. आजोबा परत आले तर पुढच्या-मागच्यांच्या पोरांनी नुसती सालं शिल्लक ठेवलेली. आजोबा काठी आपटून विचारू लागले, "माहा नंबर कोन खाल्ला?" तू हसू दाबत सालं तशीच जागेवर ठेवायला लावलीस. सालांवर त्यांचा नंबर लागला की नाही? लागला. तुझा कायदा तसाच होता.

त्याच कायद्यावरून आपलं पहिलं कडाक्याचं भांडण. तुझ्या माहेरची, मुदखेडची माणसं फार हुशार. जंक्शनवर राहतात, गाडीचं गणित पक्कं. पहाटेच्या गाडीनं येणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती आपली जुनी चप्पल पिशवीत घालून द्यायची, तो इथं रांगेत ठेवणार, आणि स्वतः भाकरी-बिकरी खाऊन मागच्या गाडीनं आरामात यायचं. मला कळलं तेव्हा मी दुकान सोडून तुझ्या दारात आले.

"माणूस मुदखेडात आणि चप्पल नांदेडात, हा कुठला गं नंबर?"

"चप्पल आली म्हंजी मानूस निघालंच की."

"निघालं कशावरून? झोपलं असेल."

"झोपू दे. कंबर दुखत आसंल."

"तीनदा पुकारावं, नसेल तर नंबर गेला. शेवटी जाऊन बसावं. सगळीकडं हाच नियम आहे, सुमे."

"सगळीकडं आसंल," तू म्हणालीस, "हितं न्हाई."

पहाटेपासून स्वतः पाय आखडून बसलेल्यानं काय करायचं, हा माझा मुद्दा होता. तो आजही बरोबर आहे, आणि तू गेलीस म्हणून मी तो सोडणार नाही. तुझा मुद्दा असा की उशिरा येणारा काही मजेत उशिरा येत नाही, घरातलं आवरून येतो. कित्येक वर्षं हे भांडण आपण चहाबरोबर पुरवून पुरवून खाल्लं. ना तू हटलीस, ना मी.

पण एक दिवस मात्र मी तुझ्यापुढं हात टेकले. आठवतं, डॉक्टरांच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या? बाई नीटनेटकी. सकाळी गॅलरीतून पाहिलं तर दारात चपलांची ही लांबलचक ओळ, एक तिरकी, एक पालथी, एकीचा अंगठा तुटलेला. त्यांच्या जिवाला चैन पडेना. खाली आल्या आणि अर्ध्या तासात सगळ्या चपला उचलून, झटकून, जोड्या लावून, मोठ्या खाली आणि छोट्या वर अशा भिंतीकडच्या रॅकमध्ये मांडून टाकल्या. वर अंगणात सडा मारला. लिंबाखालची माणसं उठून आली आणि जो गोंधळ उडाला! जो तो म्हणे मी दुसरा, मी तिसरा. अर्धापूरवाल्यानं देगलूरवाल्याची गचांडी धरली. सासूबाई हातात बादली घेऊन मध्येच उभ्या. "अहो, मी तर फक्त आवरलं!" त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि त्यांचंही खरंच होतं.

मी म्हटलं, आता चिठ्ठ्या टाका. डॉक्टर म्हणाले, वयानुसार सोडा. तू कुणाचंच ऐकलं नाहीस. पायरीवर चढलीस आणि ओरडलीस, "आपली चप्पल कितवी व्हती ते कोनी सांगू नका. आपल्या पुढं कोनाची व्हती तेवढं सांगा." मग एक म्हणाला, माझ्यापुढं हिरव्या पट्ट्याची बाईची. हिरव्या पट्ट्याची म्हणाली, माझ्यापुढं मोठा बूट, नाडी नसलेला. बूटवाला म्हणाला, माझ्यापुढं टायरची. एकेक करत आख्खी ओळ पुन्हा जशीच्या तशी उभी राहिली, एक जागासुद्धा चुकली नाही. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. नंतर विचारलं तर तू म्हणालीस, "मानूस आपला नंबर इसरंल, पन आपल्या पुढं कोन व्हतं ते इसरत न्हाई. लई जळून बघितल्यालं आसतं ना."

दुपारी सासूबाईंनी त्यांच्या स्वतःच्या मखमली पट्ट्याच्या चपला ओळीत शेवटी नेऊन ठेवल्या. त्यांचाही गुडघा दुखत होता. जावयाच्या घरात राहून त्यांनी रांगेतनं गुडघा दाखवला. तू "पुन्याच्या आईसाहेब, या" असं पुकारलंस तेव्हा त्या लाजून लाल झाल्या.

मग पल्लवी डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला लातूरला गेली आणि तुझे रविवार एसटीत गेले. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घेऊन जायचीस, रिकामे डबे घेऊन यायचीस. उन्हाळ्यात तिच्या खोलीच्या गल्लीत टँकर यायचा. पहिल्यांदा तिथल्या घागरी पाहून आलीस त्या दिवशी दुकानात शिरलीस तीच ओरडत, "मंदे, अगं तिकडं बी आपल्यावानीच हाय! तिकडं घागरी ठेवतेत नंबरला! मी माही चप्पल ठेवली घागरींच्या मधी, तं समदे हसून राहिले!" पाणी मिळालं का विचारलं तर म्हणालीस, मिळालं की, मागच्या बाईनं सांगितलं ह्या चपलेला घागर द्या. तुला इतकं खूश मी क्वचित पाहिलं. जणू लातूर आणि नांदेड एकाच घराच्या दोन खोल्या असल्याचा पुरावाच तू आणला होतास.

पण पल्लवीचा नंबर काही लागेना. पहिल्या वर्षी नाही. दुसऱ्या वर्षी थोडक्यात गेला. त्या दुसऱ्या वेळी ती नांदेडला आली आणि दवाखान्यात तुझ्या टेबलाशी बसून म्हणाली, "माय, मी सोडते. दुसरं काहीतरी शिकते. किती दिवस तू डबे वाहणार?" दुपार होती, पेशंट गेलेले, मी चहा घेऊन आले होते. तुझं तोंड एवढंसं झालेलं पाहिलं मी. नंबर पुकारणाऱ्या बाईच्या लेकीचा नंबर लागत नाही, हे तुला आत कुठंतरी फार लागलं होतं. तू कधी बोलली नाहीस. मला दिसायचं.

तू काही समजावलं नाहीस. खाली वाकलीस, टेबलाखालची तुझी चप्पल काढलीस, ती निळ्या पट्ट्याची, डाव्या अंगठ्याला तारेनं बांधलेली, आणि पल्लवीच्या खुर्चीपुढं नेऊन ठेवलीस.

"काय करून राहिली माय?"

"नंबर लावून राहिले. तू डॉक्टरीण झाली की पहिला नंबर माहा."

पोरीला हसावं की रडावं कळेना. आणि मी? मी बघत बसणारी आहे का! मी माझी चप्पल काढून तुझ्या चपलेच्या पुढं ठेवली. "पहिला माझा. माझा गुडघा तुझ्याआधी गेलाय." तू माझी उचलून मागं ठेवलीस. मी तुझी उचलून मागं ठेवली. दोन म्हाताऱ्या बाया चपला घेऊन टेबलाभोवती झोंबाझोंबी करत होत्या आणि पल्लवी पोट धरून हसत होती. डॉक्टर दार उघडून बघून गेले. त्याच संध्याकाळच्या गाडीनं ती लातूरला परत गेली.

त्या दिवसापासून आपला तोच वाद. पहिला नंबर कुणाचा? तू सकाळी आलीस की भिंतीवर थाप मारून विचारायचीस, "मंदे, कितवी गं तू?" मी इकडून ओरडायची, "पहिली!" तू तिकडून, "सपन पडलं का काय?" तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशीही थाप मारलीच होतीस. मी गिऱ्हाइकात होते. उत्तर द्यायचं राहिलं.

मला तुझा राग आला, सुमे. अजून येतो. एवढी रांग धरलीस, एवढे डबे वाहिलेस, आणि दोन हातांवर नंबर आला असताना उठून निघून गेलीस. दुसऱ्याला जागेवर बसवायची आणि स्वतः रांग सोडायची, ही कुठली पद्धत? तुझ्या जलदानविधीला मुदखेडहून, अर्धापूरहून, माहूरहून माणसं आली होती. ज्यांची नावं मला माहीत नाहीत, ज्यांची हाडं फक्त तुला माहीत होती, अशी. काहींनी तर दारात चपला एकामागं एक ठेवल्या होत्या, नेहमीच्या सवयीनं. तिथं मला रडू फुटलं.

आता दवाखान्यात डॉक्टर स्वतःच दार उघडतात आणि "नेक्स्ट" म्हणतात. कुणीही उठत नाही. नेक्स्ट कुठल्या गावचा, कुणाला माहीत?

तुझी ती निळ्या पट्ट्याची चप्पल टेबलाखाली तशीच आहे. दवाखान्यात आलीस की ती काढून आतली रबरी घालायचीस, आणि त्या दिवशी तुला रिक्षात घालून नेलं ते रबरी चपलेवरच. झाडणारी बाई रोज तिच्याभोवतीनं झाडते. कुणी हलवा म्हटलं नाही, कुणी हलवली नाही. सासूबाई आल्या होत्या मध्ये, त्यांनीसुद्धा नाही.

काल दुपारी पल्लवी लातूरहून उतरली ती घरी न जाता सरळ दवाखान्यात आली. भरगच्च वेळ होती. बाकं भरलेली, लिंबाखाली माणसं, दारात चपला. पोरगी वाळून काडी झालीय, पण उभी राहण्याची ढब तुझी. मी तिला पोटाशी धरलं. ती रडली, मी रडले, पेढे वाटले. मग ती डोळे पुसून म्हणाली, "मावशी, मायची चप्पल कुठाय?"

मी टेबलाखालून काढली. पदरानं पुसली. तुझ्याच खुर्चीवर पल्लवीला बसवलं आणि तिच्या पायांपुढं तुझी चप्पल ठेवली. मग माझी काढली. हातात धरून क्षणभर उभी राहिले. पल्लवी बघत होती. माझा स्वभाव तिला ठाऊक आहे.

"मावशी, तू तर म्हणायची माणूस नसलं की नंबर गेला."

"म्हणायची."

"मग?"

"मग काय? तुझं काम आहे पुकारायचं. पुकार."

सुमे, मला वाटलं होतं ती हळूच काहीतरी म्हणेल. ती उठली, दारात गेली, पायरीवर चढली आणि तुझ्याच आवाजात, अगदी तसाच तो शेवटचा सूर लांबवत ओरडली,

"एक नंबर! मुदखेडच्या सुमनबाई!"

लिंबाखालचे मान वर करून बघायला लागले. ती पुन्हा ओरडली. मी हातातली चप्पल घट्ट धरली, कारण नियम माझाच होता, तीनदा पुकारायचं आणि पुढं जायचं. तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात बाकावरून, लिंबाखालून, पायरीवरून, मलमवाल्या म्हातारीपासून प्लास्टरवाल्या पोरापर्यंत सगळे एका सुरात ओरडले,

"हायेत! चपला हायेत!"

तर बाई, पहिला नंबर तुझा. भांडण तू जिंकलीस. कॉलेजातनं शिकून यायला तिला अजून वर्षं लागतील, मी वाट बघेन. माझी चप्पल तुझ्या मागं ठेवलीय. आणि कुणी कधी आवरायला आलं, सगळी ओळ उचलून भिंतीला मांडली, तरी त्यांनी मला विचारावं. माझ्यापुढं कोण होतं ते मी सांगेन. निळ्या पट्ट्याची, डावा अंगठा तारेनं बांधलेला.